आठ टक्के

खंडवा रोडला प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला माझी खोली.
दारावर पाटी: काचकाम.
काच नव्हेच ती, क्वार्ट्झ.
साधी काच त्या भट्टीत चाचणीसारखी वाहून जाईल.

मृण्मयी खासगीवाले मुशीत घालून आणते
बेरियम, लोखंड, चिमूटभर कोबाल्ट
आणि सोमल.
"सोमल म्हणजे काय ते ठाऊक आहे ना, काका?"
ठाऊक आहे. आमच्या आत्याकडे उंदरांसाठी होता,
कुलपात, देवांच्या कपाटाच्या वर.

मी नळीतली हवा काढतो, ज्योत लावतो.
नळीची मान बारीक होत जाते,
क्षणभर मधासारखी लोंबते,
मग तुटते, आणि आत जे आहे ते आत राहतं.
तेवढा वेळ मी श्वास घेत नाही. जुनी खोड.

फेब्रुवारीत एक नळी फुटली, रात्री दोनला.
बोळात लसणाचा वास आला.
इतक्या रात्री लसूण कोण सोलतंय, म्हणेपर्यंत
गार्डाने सगळ्यांना अंगणात काढलं होतं.
वायखेडेसरांच्या पायात एकच चप्पल.

पुढची नळी टिकली.
ताशी दोन अंश, दोन अंश थंड केली.
आमच्या रेवतीच्या लग्नाची बोलणीसुद्धा
इतकी रेंगाळली नव्हती.
फोडली तेव्हा आत अभ्रकासारखे पापुद्रे,
करंगळीच्या नखाएवढे,
त्यात माझा चष्मा दिसत होता.

मी विचारलं, कोबाल्ट कशाला?
ती म्हणाली, नुसतं लोखंड थंड केलं
की त्याचे अणू एकाआड एक तोंड फिरवून बसतात.
पंगतीत रुसलेल्या व्याह्यांसारखे, मी म्हटलं.
हसली. हो, तसेच.
मग शंभरातले आठ उठवायचे, त्यांच्या जागी कोबाल्ट बसवायचा.
पंगत सैलावते.
आणि वीस उठवले तर?
रुसवाही जातो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तेही जातं.
अति तेथे माती, काका.

केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा
चांदीच्या लेपाने चिकटवल्या तिने,
श्वास न घेता. (म्हणजे खोड माझी एकट्याची नाही.)
हेलियम सोडलं. नळ्यांवर पांढरं भुरं साचलं.

तीस. सव्वीस. चोवीस.
पडद्यावरची रेघ कुरकुरत उतरत होती
आणि बावीसच्या जरा वर
खाली बसली.
"जवळजवळ शून्य?"
"जवळजवळ नाही. शून्य."

माझा बाप मिलमध्ये फिटर.
म्हणायचा, लोखंड फुकट काही देत नाही.
तीस वर्षं चात्या घासल्या त्याने; मिल बंद पडली
तेव्हा डावा कान गेलेला होता.
त्याला हे सांगितलं असतं,
की लोखंडातून वीज जाते आणि लोखंड एक शब्द बोलत नाही,
तर त्याने आधी हेलियमचं बिल मागितलं असतं.
बिल मी पाहिलं आहे. म्हातारा बरोबर होता.

"पण होतं कशाने?"
"इलेक्ट्रॉन जोडीने चालायला लागतात."
"एकमेकांना ढकलणारे?"
"तेच."
"मग जोडतं कोण त्यांना?"
तिने कानावरचा मफलर सारखा केला.
"त्यावर भांडणं आहेत अजून.
बरेचजण म्हणतात, तोच रुसवा.
मोडतो, पण पुरता जात नाही, आत थरथरत राहतो,
त्यानेच."

पहाटे साडेपाचला भंवरकुव्याला पोह्याच्या गाडीपाशी उभा राहिलो.
"जिरावण और डालूँ, भिया?"
मी हात आडवा धरला. बस.
दोन पुडे बांधून घेतले.
घरी चार दिवस अबोला आहे.
कारण मला आठवत नाही; वत्सलाला आठवतं.

तिचा पुडा ओट्यावर ठेवला, जिरावण वेगळं, कागदात.
ती काही बोलली नाही.
कागद सोडून, चिमूट घेतली,
आणि माझ्या बशीवरही टाकली,
जरा जास्तच.